चौथ्या तासाला काय उरतं? पुरुषांसाठी परवडणारे अरबी ॲक्वाटिक परफ्यूम, समोरासमोर

ॲक्वाटिक, म्हणजे पाण्याचा, समुद्राचा भास देणाऱ्या परफ्यूममधलं पाणी टिकत नाही. टिकतो तो त्याच्या तळाचा थर. मनगटावर मारलेला फवारा पहिल्या दहा मिनिटांत समुद्र, लिंबू, नुकतंच कापलेलं सफरचंद, ओले दगड असं काय काय दाखवतो आणि बहुतेक जण तेवढ्यावर भाळून बाटली घेतात. दिवसाचे उरलेले सात-आठ तास मात्र अंगावर असतात अंबर, कस्तुरी आणि लाकूड. म्हणून खालची सगळी तुलना एकाच प्रश्नाला धरून आहे: चौथ्या तासाला या परफ्यूमचा वास कसा येतो आणि तो रोज अंगावर चालेल का?

‘अरबी’ म्हणजे इथे संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपन्या. 1979 पासूनची रसासी, ‘क्लब द नुई’ मालिकेमुळे घरोघरी पोचलेली अरमाफ, अफनान, लताफा आणि लताफाचाच दुसरा ब्रँड मेझाँ अलहम्ब्रा. ॲक्वाटिक हा प्रकार मुळात अरबी नाही. 1988 चा डेव्हिडॉफचा कूल वॉटर आणि 1996 चा अर्मानीचा अक्वा दि जिओ यांनी तो रूढ केला. अरबी परंपरा ऊद (इथे अगराचं सुगंधी लाकूड), गुलाब, अंबर, कस्तुरी यांची, म्हणजे जड आणि चिवट वासांची. या घराण्यांनी केलं ते इतकंच, की पाश्चात्त्य ‘निळ्या’, म्हणजे ताज्या-पाणीदार परफ्यूमचा वरचा भाग उचलला आणि तो आपल्या सवयीच्या भरभक्कम तळावर बसवला. ‘अरबी ॲक्वाटिक जास्त टिकतो’ असं म्हणतात त्याचं कारण हे, आणि त्याच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं कारणही हेच.

पाणी का उडतं, तळ का राहतो

लिंबू आणि त्याच्याच कुळातलं बर्गमॉट यांच्या तेलांत लिमोनीनचं प्रमाण मोठं असतं. हा रेणू हलका. त्वचेच्या उबेवर अर्ध्या तासात त्याचा बराचसा भाग निघून जातो. त्याच्या मागोमाग जातो डायहायड्रोमिर्सेनॉल. नाव अवघड, वास ओळखीचा: लिंबू, लॅव्हेंडर आणि धुवून वाळत घातलेले कपडे यांच्या मधला. निळ्या बाटल्यांतून येणारा पहिला ‘फ्रेश’ झटका बहुतेक वेळा याचाच असतो. समुद्राची झुळूक आणि कलिंगडाची साल असा दुहेरी भास देणारा कॅलोन 1966 साली फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागला. तो या दोघांपेक्षा चिवट आहे, पण फार थोडा वापरावा लागतो. जास्त झाला की उतरलेल्या कलिंगडाचा वास येतो आणि डोकं धरतं.

तळाशी मुख्य भार असतो अँब्रॉक्सनवर. पूर्वी व्हेल माशापासून मिळणाऱ्या अंबरग्रिसमधून जो खारट, उबदार, किंचित लाकडी वास यायचा, तोच आता क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिऑलपासून बनवतात. बाटलीवर ‘अंबरग्रिस’ लिहिलेलं असलं तरी या किमतीत आत अँब्रॉक्सन किंवा त्याचे भाऊबंदच असणार. कागदी पट्टीवर हा वास दुसऱ्या दिवशीही सापडतो. त्याच्या जोडीला पांढऱ्या कस्तुरीचे कृत्रिम रेणू आणि कोरडे लाकडी अंबर असतात.

इथे एक गोम आहे. अँब्रॉक्सन आणि कस्तुरीचे मोठे रेणू यांना नाक फार लवकर सरावतं. काही लोकांना तर यातले काही रेणू मुळातच जाणवत नाहीत. त्यामुळे ‘दोन तासांत उडाला’ असं लावणाऱ्याला वाटतं आणि त्याच वेळी शेजारी बसलेला खिडकी उघडतो. टिकण्याबद्दल स्वतःच्या नाकाची साक्ष काढायची नाही. ती दुसऱ्याच्या नाकाची काढायची.

‘ओ द परफ्यूम’ या शब्दांवरही भिस्त ठेवू नये. साधारण 15 ते 20 टक्के सुगंधी अर्क असा त्याचा अर्थ धरला जातो, पण त्या टक्क्यांत लिंबू किती आणि लाकूड किती हे ते शब्द सांगत नाहीत. 18 टक्के अर्क असूनही तो बराचसा लिंबाचा असेल तर दुपारपर्यंत रामराम.

हवास विरुद्ध हवास आइस

या गटात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते रसासीच्या हवासचं. ‘होशोहवास’मधलाच हा हवास, अर्थ इंद्रियं. 2015 साली आला. वर सफरचंद, बर्गमॉट, लिंबू आणि दालचिनीची जेमतेम चिमूट. मध्ये पाण्याचा भास, आलुबुखारा, संत्र्याचं फूल, वेलची. तळाशी अंबरग्रिसचा भास, कस्तुरी, मातकट वासाची पॅचुली आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड. पाको राबानच्या इन्व्हिक्टस अक्वाशी त्याची तुलना होते आणि त्याला सर्रास ‘कॉपी’ म्हटलं जातं. पण इन्व्हिक्टस अक्वा 2016 चा आहे, हवासच्या नंतरचा. तेव्हा हा शिक्का मारताना निदान सनावळी तरी बघावी.

अंगावर तो असा वागतो. पहिली पंधरा मिनिटं सफरचंद आणि लिंबू, थंड आणि मोठ्या आवाजात. मग आलुबुखारा पुढे सरकतो आणि गोडी चढते. काहींना ही गोडी च्युइंगगमसारखी वाटते आणि ती तुलना अगदीच चूक नाही. दीड-दोन तास हातभर अंतरावरून सहज वास येतो. चौथ्या तासाला पाणी जवळजवळ गेलेलं असतं. उरतो तो गोडसर, खारट, कस्तुरीचा थर, आणि तो आठ ते दहा तास हलत नाही. सुती शर्टावर दुसऱ्या दिवशीही सापडतो.

म्हणजे हवास हा गोड अंबर आहे, त्याच्यावर पाण्याचा हात फिरवलेला. हे मान्य असेल तर टिकण्यात आणि पसरण्यात या किमतीत त्याला तोड नाही. ‘मला खरा समुद्र हवाय’ असं म्हणणाऱ्याची मात्र तिसऱ्या तासाला निराशा ठरलेली. आणखी एक दोष म्हणजे दमट उकाड्यात चारच्या वर फवारे मारले की ही गोडी घामात मिसळून चिकट होते. बंद खोलीत तर नकोच.

हवास आइस नंतर आला आणि तो हवासचाच थंड भाऊ आहे. सफरचंद, लिंबू, बर्गमॉट तेच, पण दालचिनीच्या जागी चक्रीफूल. या एका बदलाने बराच फरक पडतो. चक्रीफुलाचा बडीशेपेसारखा गार स्पर्श गोडीला लगाम घालतो आणि तळाशी शेवाळासारखा हिरवट कोरडेपणा येतो. पसरण्यात तो हवासपेक्षा थोडा मवाळ, टिकण्यात तासाभराने कमी. ज्यांना बडीशेपेचा वास आवडत नाही त्यांनी आइसच्या वाटेला जाऊ नये. पहिला अर्धा तास तोच वास पुढे असतो.

दोघांत निवडायचं तर: संध्याकाळ, मोकळी हवा, चार लोकांत उठून दिसायचं असेल तर हवास. दिवसा, उन्हात, ऑफिसात लावायचा असेल तर आइस. दोन्ही घेण्यात अर्थ नाही. साठ-सत्तर टक्के वास सारखाच आहे. या मालिकेतल्या पुढच्या बाटल्या एकेक करत जमवत बसणं म्हणजे हवास नव्हे, हव्यास.

माइलस्टोन विरुद्ध सियाज

अरमाफच्या क्लब द नुई मालिकेतली ही जोडी. दोन्हींची प्रेरणा क्रीड या घराण्याच्या 1995 सालच्या दोन परफ्यूममध्ये: माइलस्टोनची मिलेझिम इंपेरियालमध्ये, सियाजची सिल्व्हर माउंटन वॉटरमध्ये. मूळ बाटल्यांची किंमत अनेक पटींनी जास्त, त्यामुळे दुधाची तहान ताकावर भागवायचा हा सौदा आहे. पण ताक बरं आहे. दोन्ही बाटल्या 105 मिलीच्या, दोन्ही स्त्री-पुरुष कुणीही लावावेत अशा.

माइलस्टोन हा वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त ‘समुद्र’ आहे. खाऱ्या पाण्याचा भास, त्यात लाल फळांची आणि खरबुजाकडे झुकणारी गोडी, खाली चंदन, अँब्रॉक्सन, वाळा (व्हेटिव्हर). खारट आणि गोड एकाच वेळी, हीच त्याची गंमत. पहिली दहा मिनिटं मात्र खडबडीत असतात: अल्कोहोलचा झोत आणि पत्र्यासारखा धारदार वास. अनेक जण इथेच नाक मुरडून बाजूला होतात आणि चांगला भाग त्यांच्या वाट्याला येतच नाही. वीस मिनिटं थांबलात तर तो गुळगुळीत होतो. चौथ्या तासाला उरतो तो खारट चंदनाचा, अंगालगतचा वास. सहा ते आठ तास टिकतो, पण हवाससारखा खोलीभर पसरत नाही. ‘मागे दरवळ राहिला पाहिजे’ अशी अपेक्षा असेल तर हा तुमचा नव्हे.

सियाज हा शब्द फ्रेंच. बोट पुढे गेल्यावर पाण्यात मागे जी रेघ उमटते ती, आणि त्यावरून परफ्यूमचा मागे रेंगाळणारा दरवळ. बरेच जण ‘सिलेज’ म्हणतात, दुकानदारालाही तेच कळतं. यात समुद्र नाही, डोंगरातला झरा आहे: काळा करंट, लिंबूवर्गीय फळं, चहाच्या पानांसारखा हिरवा कडवटपणा आणि एक थंड, धातूचा, काहीसा शाईसारखा वास. तळाशी पांढरी कस्तुरी. गोडी जवळजवळ नाहीच. टिकतो माइलस्टोनपेक्षा जास्त, सात ते नऊ तास, आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. चौथ्या तासाला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासारखा असतो. कुणाला ते आवडतं, कुणाला महागड्या साबणासारखं वाटतं.

सियाजची गोची काळ्या करंटात आहे. या फळाच्या वासात गंधकाची संयुगं असतात. थोडी असली की आंबट-हिरवी चव, जास्त झाली किंवा तापली की सरळ मांजराच्या मुताची आठवण. हा बाटलीचा दोष नाही. त्या वासाचा स्वभावच तसा. कडक उन्हात, घामेजल्या मानेवर तो उघडा पडतो. म्हणून सियाज मानेऐवजी शर्टाच्या आत छातीवर आणि बाहीवर मारावा, आणि उन्हात बाहेर पडायच्या अर्धा तास आधी.

9 एएम डाइव विरुद्ध तुराथी ब्लू

दोन्ही अफनानचे. डाइवमध्ये लिंबू, पुदिना, काळा करंट, गुलाबी मिरी, मग सफरचंद, देवदार, धूप, आणि खाली आलं, चंदन, पॅचुली. वाचायला यादी भरगच्च, नाकाला मात्र सरळ: पुदिना घातलेलं थंडगार लिंबूपाणी, त्यात सफरचंदाची फोड. पहिला तास या सगळ्या यादीतला सर्वांत ताजातवाना. इतका की आंघोळ करून आल्यासारखं वाटतं. नंतर तो झपाट्याने खाली बसतो आणि चौथ्या तासाला मंद लाकूड आणि थोडी पॅचुली उरते, तीही नाक अंगाला लावलं तरच. एकंदर पाच ते सात तास. ‘टिकाऊ’ या शब्दावर अडून बसलेल्यांनी डाइव घेऊ नये. ज्यांना जिममध्ये, प्रवासात, घरी टी-शर्टवर काहीतरी हलकं हवं त्यांनी जरूर घ्यावा.

तुराथी ब्लू खरं तर ॲक्वाटिक नाहीच. निळी बाटली, निळं नाव, पण आत आहे लिंबूवर्गीय फळांची रसरशीत, कडवट-गोड साल आणि तिच्याखाली मसाला, लाकूड, अंबर, कस्तुरी. बल्गारीच्या 2016 च्या टायगारशी त्याचं साम्य सांगितलं जातं. मग इथे तो का? कारण ॲक्वाटिक शोधणाऱ्या दहातल्या पाच जणांना प्रत्यक्षात पाणी नको असतं. ‘फ्रेश, पण संध्याकाळपर्यंत राहील असं काहीतरी’ हवं असतं, आणि त्या मागणीला हा चपखल बसतो. द्राक्षफळासारखा (ग्रेपफ्रूट) कडवटपणा लिंबापेक्षा जास्त वेळ टिकल्याचा भास देतो, कारण खालचे अंबर-लाकूड त्याच सुरात असतात. सात ते नऊ तास, नीटनेटका, वयस्कर माणसालाही शोभणारा. बाटली 90 मिलीची आहे, किंमत ताडताना हे ध्यानात ठेवावं.

उरलेल्या दोघांबद्दल थोडक्यात. मेझाँ अलहम्ब्राचा जीन लो इम्मॉर्टल हा लुई व्हितॉंच्या 2018 च्या लिमॉन्सिते या परफ्यूमच्या वळणाचा: द्राक्षफळ, आलं, पाणी, अँब्रॉक्सन. मूळ परफ्यूम ज्याक कॅव्हालिएंचा, ज्यांनी 1992 मध्ये लो दिसे घडवून ॲक्वाटिकला मोठं केलं होतं. इम्मॉर्टल त्यातल्या आल्याने तरतरीत लागतो, गोड नाही, पण पसरतो कमी. लताफाचा ॲटलस याच्या अगदी उलट टोकाला: मीठ, शेवाळ, ओहोटीनंतरचे खडक, फळबिळ काही नाही. ऑर्टो पॅरिसीच्या मेगामारेच्या जातीचा. ‘खरा समुद्र’ मागणाऱ्यांना हाच दाखवावा आणि त्यातले निम्मे पळून जातील. वास न घेता ॲटलस मागवणं हे धाडस आहे, त्याहून जास्त काही नाही.

स्वस्त बाटली महाग कशी पडते

‘परवडणारा’ म्हणताना लोक बाटलीची किंमत बघतात. बघायला हवी एका दिवसाची किंमत. एका फवाऱ्यात अंदाजे 0.1 मिली निघतं, म्हणजे 100 मिलीत साधारण हजार फवारे. हवासचे तीन फवारे दिवसभर पुरतात: बाटली सुमारे 330 दिवस. डाइवचे सकाळी पाच आणि दुपारी पुन्हा दोन धरले तर दिवसाला सात: बाटली 140 दिवसांत रिकामी. म्हणजे रोजचा खर्च सारखा यायचा असेल तर डाइवची बाटली हवासच्या निम्म्याहूनही कमी किमतीला मिळायला हवी. तशी ती क्वचितच मिळते. हाच हिशेब माइलस्टोन (चार फवारे, 105 मिली, सुमारे 260 दिवस) आणि तुराथी ब्लू (चार फवारे, 90 मिली, सुमारे 225 दिवस) यांना लावून बघा. छापील किमतींची उतरंड बऱ्याचदा उलटीपालटी होते.

आणि पूर्ण बाटलीच्या आधी 5 मिलीचा डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी कुपी, घ्यावा. प्रति मिली तो महाग असतो, पण त्यात पन्नासेक फवारे, म्हणजे दहा-बारा दिवसांची खरी चाचणी होते. न आवडलेली पूर्ण बाटली कपाटात पडून राहण्यापेक्षा हे स्वस्त.

चाचणी कशी घ्यावी

कागदी पट्टीवर फक्त नापसंत परफ्यूम बाद करावेत, पसंत करू नयेत. कागद थंड असतो, तिथे लिंबू जास्त वेळ राहतो आणि परफ्यूम आहे त्यापेक्षा ताजा वाटतो. पट्टीवर पास झालेल्यांपैकी एका दिवशी दोनच त्वचेवर घ्या, दोन हातांच्या कोपराच्या आतल्या बाजूला एकेक फवारा. मनगट टाळा, कारण दिवसातून चारदा हात धुतले जातात आणि दोष परफ्यूमला जातो. चोळू नका. चोळल्याने रेणू ‘फुटतात’ हे खोटं, पण घर्षणाने त्वचा तापते आणि वरचा हलका थर आणखी लवकर उडतो, जो ॲक्वाटिकमध्ये आधीच कमी टिकतो.

मग चार वेळा वास घ्या: 15 मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी, आठ तासांनी. मधल्या वेळात सारखं हुंगत बसायचं नाही, नाहीतर नाक सरावेल. दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत आहे, तिचा विशेष उपयोग नाही. स्वतःच्या शर्टाची न फवारलेली बाही हुंगणं जास्त बरं. आणि चार तासांनंतरचा निकाल दुसऱ्या कुणाला तरी विचारा. तोही बाहेरून आलेल्याला. सकाळपासून तुमच्यासोबत त्याच खोलीत बसलेल्याचं नाकही तितकंच सरावलेलं असतं.

चाचणीच्या दिवशी सुवासिक डिओडरंट नको. बाजारातल्या बहुतेक ‘कूल’ डिओडरंटमध्ये तोच डायहायड्रोमिर्सेनॉल असतो. काखेतला वास आणि मानेवरचा वास एकमेकांत मिसळतात आणि आपण नक्की कशाला गुण देतोय तेच कळत नाही. एरवीही अशा परफ्यूमसोबत बिनवासाचं डिओडरंटच वापरावं.

लावताना

कोरड्या त्वचेवर परफ्यूम लवकर उडतो. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा बोटभर पेट्रोलियम जेली लावून, दोन मिनिटं थांबून, साधारण 15 सेंटिमीटरवरून फवारा. एक मानेच्या मागे, एक छातीवर, एक शर्टावर. हवाससाठी इतके पुरे, बाकीच्यांना एक-दोन जास्त. कापडावर वास त्वचेपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, पण रेशमावर मारू नका आणि रंगीत द्रवाचा परफ्यूम पांढऱ्या शर्टावर मारण्याआधी आतल्या शिवणीवर एक फवारा मारून डाग पडतो का ते बघा.

दुपारी ताजेपणा परत हवा असेल तर एकच उपाय आहे: पुन्हा लावणं. पण इथे एक चूक हमखास होते. सकाळचा तळ अजून अंगावर असतोच. त्यावर आणखी तीन फवारे मारले की लिंबू अर्धा तास येतो आणि अंबर मात्र दुप्पट होऊन संध्याकाळपर्यंत छळतो. त्याऐवजी एकच फवारा, आणि तोही कापडावर. हवासवाल्यांनी तर दुपारी हवासच लावायची गरज नाही. एखादा हलका लिंबाचा कोलोन मारला तरी खालचा तळ त्याला धरून ठेवतो.

उकाडा आणि थंडी यांचा हिशेब वेगळा. गरम हवेत परफ्यूम जास्त पसरतो आणि लवकर संपतो, तेव्हा फवारे कमी आणि निवड कोरडी: आइस, सियाज, इम्मॉर्टल. थंडीत लिंबू मुका होतो आणि डाइवसारखा परफ्यूम जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे हवास आणि तुराथी ब्लू यांचा गोड-लाकडी तळ कामी येतो.

अल्कोहोल नको म्हणून याच नावांची तेलातली छोटी अत्तरं घ्यायचा विचार असेल तर अपेक्षा कमी ठेवा. ॲक्वाटिकचा वरचा भाग हवेत उडवण्याचं काम अल्कोहोल करतं. तेलात तो अंगालगत दबून राहतो आणि हाती येते ती फक्त कस्तुरी. ऊद, गुलाब यांना तेल मानवतं, पाण्याला नाही.

बाटली हातात आल्यावर

आधी खोक्याच्या तळाचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळवा. खोक्यावर छापलेला आणि बाटलीवर नसलेला, किंवा दोन्हीकडे वेगळा, तर परत पाठवा. जास्त खपणाऱ्या बाटल्यांच्या नकला निघतात आणि हवास त्यात पुढे आहे. फवारा कसा येतो तेही बघा. अस्सल बाटलीतून बारीक धुकं निघतं. नकलेतून बऱ्याचदा पिचकारीसारखी धार येते, किंवा पंपाची मान सैल असते आणि बाटली आडवी केली की गळते. वास पहिल्या अर्ध्या तासात जवळजवळ तंतोतंत असू शकतो, कारण लिंबू-सफरचंद बनवणं स्वस्त आहे. नकलेत कंजुषी होते ती महागड्या तळात. तेव्हा इथेही निकाल चौथ्या तासालाच लागतो.

नवी बाटली खडबडीत वाटली, विशेषतः माइलस्टोन, तर पाच-सहा फवारे हवेत मारा, झाकण लावा आणि तीन-चार आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवून द्या. नळीत अडकलेला जुना द्रव निघून जातो, थोडी हवा आत जाते आणि धार थोडी बोथट होते. याला ‘मॅसरेशन’ असं भारदस्त नाव देऊन चार तासांचा परफ्यूम दहा तासांचा झाल्याचे दावे केले जातात. तसं होत नाही. पाच तासांचा परफ्यूम पाच तासांचाच राहतो, फक्त सुरुवात सुसह्य होते.

ठेवायची जागा म्हणजे बाथरूम नव्हे, गाडीचा डॅशबोर्डही नव्हे आणि खिडकीचा कट्टा तर मुळीच नव्हे. ॲक्वाटिकमध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो लिंबू. उजेड आणि उष्णता लागून लिमोनीनचं ऑक्सिडीकरण झालं की सुरुवातीला टर्पेंटाइनसारखा, रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागतो, आणि हाच ऑक्सिडाइझ झालेला लिमोनीन संवेदनशील त्वचेवर पुरळही उठवतो. असा वास आला तर एक फवारा कागदावर मारून अर्धा तास थांबा. तळ शाबूत असेल तर ती बाटली अंगासाठी नाही, पण कोटाच्या अस्तरावर मारून संपवता येते.